पाण्याच्या टाकीत माणसाची गोळी टाकू नका: मराठवाड्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना खुले पत्र

माझ्या पोल्ट्रीवाल्या भावांनो आणि बहिणींनो,

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. दुकानाला सव्वीस वर्षं झाली. तुमच्यातले कितीतरी जण माझं नेहमीचं गिऱ्हाईक. लेकराचा ताप, आईची शुगरची गोळी, विळा लागला की धनुर्वाताचं इंजेक्शन, काही ना काही कारणानं येता, दोन मिनिटं बसता, भाव काय चाललाय ते सांगता. माझ्या धाकट्या भावाचंही चार हजार पक्ष्यांचं शेड आहे. पिल्लं उतरल्यापासून गाडी भरेपर्यंतचे चाळीस-बेचाळीस दिवस घरात कसे जातात, ते मी रोज पाहतो. म्हणून हे पत्र परक्या माणसाचं समजू नका.

लिहायला मात्र मला फार उशीर झाला, कारण ह्याची सुरुवात माझ्याच चुकीपासून होते.

जानेवारी २०२१ आठवा. आदल्या वर्षी कोरोनाच्या अफवेनं कोंबडीचा भाव पार कोसळला होता, काहींनी तर जिवंत पक्षी लोकांना फुकट वाटले होते. त्यातून जरा डोकं वर काढतोय, तोच परभणीजवळच्या मुरुंब्यात दोन दिवसांत आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्याची बातमी आली. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि ११ जानेवारीला बर्ड फ्लू असल्याचं जाहीर झालं. त्याच दिवसांत बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं मुगावला कावळे पडले, आमच्या जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यातल्या केंद्रेवाडीचं नाव आलं. प्रत्येकाच्या मोबाइलवर खड्ड्यात पोती टाकतानाचे व्हिडिओ फिरत होते.

अशातच एका संध्याकाळी ओळखीचा एक जण दुकानात आला. डोळे लाल, अंगाला शेडचा वास, हातात वहीच्या पानाचा तुकडा. त्यावर इंग्रजीत एक नाव लिहिलेलं: अमांटाडीन. म्हणाला, "मालक, ही गोळी किती हाय तुमच्याकडं? कोंबड्या मरायल्यात. काल तीस गेल्या, आज सत्तर. एका टाकीला चार पाकिटं टाका म्हणून सांगितलंय." कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही. डॉक्टरची चिठ्ठी मागितली नाही. कपाटात अकरा पाकिटं होती, ती सगळी काढून त्याच्या पिशवीत घातली. पैसेही त्याला जमतील तेव्हा दे म्हटलं. त्या रात्री मला वाटलं, बुडत्या माणसाला हात दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, कंपवाताचे जुने रुग्ण. ते दर महिन्याला माझ्याकडूनच अमांटाडीन नेतात, आणि त्या कॅप्सूल मी मागवतो त्याच मुळी त्यांच्यासाठी आणि आणखी दोघांसाठी. कपाट रिकामं. घाऊकवाल्याला फोन केला तर चार दिवस लागतील म्हणाला. त्यांच्या जवळच्या गोळ्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या, आणि हे औषध एकाएकी बंद झालं की अंगाचा ताठरपणा आणि कंप उफाळून येतो, हे मला शिकवलेलं होतं. मी त्यांना बसवलं, चहा मागवला. त्यांनी बशी उचलली आणि चहा धोतरावर सांडला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, परत सांडला. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि हात मांडीखाली दाबून बसले, कुणाला दिसू नये म्हणून. त्यांना काय सांगू? तुमच्या गोळ्या कोंबड्यांनी प्यायल्या?

त्या शेडचं काय झालं तेही सांगतो. गोळ्या टाकूनही मर वाढतच गेली. शेवटी त्यानं पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं, नमुने गेले, अहवाल आला. बर्ड फ्लू नव्हताच. मानमोडी होती. त्या बॅचला लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, एक डोस चुकला होता. मानमोडीचा विषाणू वेगळ्याच घराण्यातला, त्याच्यावर ह्या गोळीची मात्रा चालण्याचं कारणच नव्हतं. अकरा पाकिटं पाण्यात गेली, आणि गुरुजींचे चार दिवसही.

तेव्हापासून मी ह्या औषधांबद्दल जे मिळेल ते वाचत आलो. डी.फार्म. करताना जे दोन ओळींत संपलं होतं, ते आता तुमच्यापुढं नीट मांडायचं आहे. कारण परवा भावाच्या शेडवर कंपनीची गाडी आली होती, तिथं पुन्हा तीच कुजबूज ऐकली. आता नाव दुसरं आहे. टॅमिफ्लू.

आधी अमांटाडीन. मुळात हे फ्लूचंच औषध. साठच्या दशकात अमेरिकेत कंपवाताच्या एका बाईला फ्लू होऊ नये म्हणून ते दिलं होतं आणि तिचा कंपच कमी झाला, तेव्हापासून ते कंपवातावर वापरतात. फ्लूवर ते चालायचं कसं, हे समजलं तर पुढचं सगळं समजतं. विषाणू पेशीत शिरला की त्याला आपलं कवच उघडावं लागतं. त्यासाठी त्याच्या अंगावर एक बारीक दार असतं, त्याला एम२ म्हणतात. त्या दारातून आम्ल आत गेलं की कवच सुटतं, आतली जनुकं मोकळी होतात आणि पेशीचा ताबा घेतात. अमांटाडीन त्या दारात बोळा कोंबल्यासारखं बसतं. दार बंद, विषाणू आतल्या आत अडकला.

पण त्या दाराच्या चौकटीतली एकच वीट बदलली, एकतिसाव्या जागेवरचं सेरीन जाऊन तिथं अ‍ॅस्परजिन आलं, की बोळा बसतच नाही. दार मात्र पहिल्यासारखं उघडतं, मिटतं. विषाणूचं काही बिघडत नाही. आणि अशी वीट बदलायला त्याला फार दिवस लागत नाहीत. फ्लूचा विषाणू स्वतःच्या नकला काढताना त्या तपासून पाहत नाही. हजारो नकलांत चुका राहतात. बहुतेक चुका त्यालाच नडतात. एखादी मात्र अशी निघते की औषध असलं तरी तो जगतो.

तुम्हाला हे परकं वाटू नये. २०१७ ची गुलाबी बोंडअळी आपण सगळ्यांनी सोसली आहे. बीटी बियाण्याला अळी दाद देईनाशी झाली आणि बोंड फोडून पाहिलं तर आत अळी निवांत बसलेली. त्या बियाण्यानं सगळ्या अळ्या मेल्या नाहीत, ज्या तग धरू शकत होत्या त्या उरल्या, त्यांचीच पैदास झाली. औषध आणि विषाणू ह्यांचं गणित तेच आहे, फक्त अळीला हंगाम लागतात आणि विषाणूला दिवस पुरतात.

आता तुमच्या शेडमध्ये या. आजारी पक्षी काय करतो, ते माझ्यापेक्षा तुम्ही जास्त पाहता. पंख पाडून कोपऱ्यात बसतो, मान आत घेतो, ड्रिंकरकडं फिरकत नाही. मग टाकीत टाकलेलं औषध सगळ्यात जास्त कोण पितं? धडधाकट पक्षी. ज्याच्या अंगात विषाणू खदखदतोय, त्याच्या पोटात दोन-चार थेंब. म्हणजे जिथं विषाणूची सगळ्यात जास्त पैदास चालली आहे, तिथंच औषध सगळ्यात कमी. विषाणू मरायला ते अपुरं, पण त्यातल्या चिवटाला निवडून काढायला पुरेसं. पाण्यातून फ्लूचं औषध देण्यात हा दोष कायमचाच आहे. मात्रा वाढवली, पाकिटं दुप्पट केली तरी न पिणारा पक्षी पिणार नाही.

आणि समजा काही पक्ष्यांवर औषध चाललंही. तेव्हा तर मला जास्त भीती वाटते. पक्षी मरत नाही, उभा राहतो, दाणा टिपतो, पण त्याच्या विष्ठेतून, श्वासातून विषाणू बाहेर पडत राहू शकतो. तुम्हाला वाटतं संकट टळलं. गाडी भरली जाते, पक्षी चार बाजारांत जातात, खाली उरलेलं लिटर, म्हणजे विष्ठा मिसळलेला भुसा, खत म्हणून कुणाच्या तरी शेतात पडतं. मर ही आपल्याला मिळणारी हाक असते. औषधानं ती हाकच दाबून टाकली तर आग लागल्याचं शेजाऱ्याला कळणार कसं?

ही नुसती माझी कल्पना नाही. चीनमध्ये हे होऊन गेलं आहे. तिथले कुक्कुटपालक कित्येक वर्षं कोंबड्यांना अमांटाडीन पाजत होते, हे २००५ साली उघडकीला आलं आणि मग सरकारला बंदी घालावी लागली. तोवर व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये माणसांचे जीव घेणाऱ्या एच५एन१ वर, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूवर, ते औषध चालेनासं झालं होतं. अमेरिकेनं २००६ मध्ये कोंबड्यांना फ्लूची ही औषधं द्यायला मनाई केली. आपल्याकडं, भारतात सापडलेल्या एच५एन१ मध्ये अमांटाडीनला न जुमानणारे विषाणू असल्याचं भोपाळच्या शास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलं. माणसांच्या हंगामी फ्लूतही २००५-०६ च्या थंडीत अमेरिकेत एच३एन२ च्या दहांपैकी नऊ नमुन्यांवर ते निकामी ठरलं. त्याचं खापर कोंबड्यांवर फोडणं बरोबर नाही, माणसांनीही ते वारेमाप घेतलं होतं. पण शेवट एकच झाला. आज फ्लूसाठी म्हणून अमांटाडीन कुणी शहाणा डॉक्टर लिहीत नाही. एक औषध होतं, ते गेलं.

उरलं ते ऑसेल्टामिविर, म्हणजेच टॅमिफ्लू. ह्या गोळीची मला वेगळी आठवण आहे. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला तेव्हा लोक माझ्या काउंटरवर हात जोडून उभे राहायचे, आणि ही गोळी आमच्यासारख्या दुकानांत मिळतच नव्हती. ती सरकारी दवाखान्यातूनच मिळायची. २०१७ पासून ती औषध नियमांतल्या 'एच१' नावाच्या यादीत आली. म्हणजे आता ती आम्ही विकू शकतो, पण डॉक्टरच्या चिठ्ठीवरच, आणि डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, किती दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून. ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. माझ्या रजिस्टरमध्ये रुग्णाच्या रकान्यात कोंबडीचं नाव लिहायची जागा नाही.

ही गोळी दारावर काम करत नाही. नवे विषाणू तयार होऊन पेशीबाहेर पडतात तेव्हा ते पेशीच्या अंगालाच चिकटलेले असतात, गूळ हाताला चिकटतो तसे. सुटण्यासाठी त्यांच्याकडं एक कात्री असते, न्यूरामिनिडेज. एच५एन१ मधला 'एन' तो हाच. ऑसेल्टामिविर त्या कात्रीच्या पात्यांत जाऊन बसतं आणि कात्री चालत नाही. पण इथंही एकच जागा बदलली, दोनशे पंच्याहत्तराव्या जागेवर हिस्टिडिनऐवजी टायरोसीन आलं, की गोळी पात्यांत नीट बसेनाशी होते.

असा विषाणू माणसात सापडल्याची जी पहिली उदाहरणं नोंदली गेली, त्यातलं एक माझ्या मनातून जात नाही. व्हिएतनाममधली चौदा वर्षांची मुलगी. फेब्रुवारी २००५. मोठ्या भावाला बर्ड फ्लू झालेला, ती त्याची सेवा करत होती. तिला आजार होऊ नये म्हणून दिवसाला एकच गोळी, असं तीन दिवस दिलं. प्रतिबंधाचा डोस तेवढाच असतो. पण विषाणू बहुधा आधीच तिच्या अंगात होता. एवढ्याशा औषधात तो मेला नाही. तिच्यात सापडलेल्या विषाणूंत गोळीला न जुमानणारे निघाले. पुढं तिला पूर्ण डोस मिळाला आणि ती वाचली. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्हिएतनामच्या आठ रुग्णांची हकिगत छापून आली, त्यातल्या दोघांमध्ये उपचार चालू असतानाच विषाणू बदलला होता. ते दोघंही गेले. म्हणून आता बर्ड फ्लूच्या पक्ष्यांशी जवळून संबंध आलेल्या माणसाला नुसता एक वेळचा नाही, दोन वेळचा पूर्ण डोस देण्याचा सल्ला दिला जातो.

एका माणसाला, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, मोजून दिलेली गोळी कमी पडली तर हे घडतं. मग चार हजार पक्ष्यांच्या टाकीत अंदाजानं टाकलेल्या गोळीनं काय होईल?

घाबरवण्यासाठी मी अर्धंच सांगणार नाही. आज जगात फिरणाऱ्या एच५एन१ च्या बहुतेक विषाणूंवर ऑसेल्टामिविर अजून चालतं. पण २०२४ च्या ऑक्टोबरात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात आठ पोल्ट्री फार्मांवरच्या विषाणूंत तोच दोनशे पंच्याहत्तरवाला बदल सापडला. एका ठिकाणी सुरू झालेला असा विषाणू एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जाऊ शकतो, औषध न देताही. हंगामी फ्लूत तसं घडलेलं आहे. २००७-०८ च्या थंडीत युरोपात असे विषाणू दिसायला लागले आणि वर्ष-दीड वर्षात हंगामी एच१एन१ ह्या जातीचा जगातला जवळपास सगळा विषाणू गोळीला दाद देईनासा झाला. २००९ चा नवा विषाणू आला आणि त्यानं त्या जुन्याला बाजूला सारलं, म्हणून गोळी हातात राहिली.

अजून एक गोष्ट, नदीकाठच्या लोकांसाठी. ही गोळी माणसाच्या किंवा प्राण्याच्या पोटातून गेली तरी तिचा कामाचा अंश लघवीतून तसाच बाहेर पडतो आणि सांडपाणी शुद्ध करूनही बराचसा टिकतो. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी बदकांच्या पाण्यात नदीत सापडावं इतकंच औषध मिसळलं, तर त्या बदकांच्या अंगातल्या फ्लूच्या विषाणूत हाच बदल झालेला दिसला. आता आपल्या नाथसागराकडं बघा. थंडीत पैठणच्या त्या पाण्यावर किती बदकं उतरतात, पट्टकादंब येतात, चक्रवाक येतात. फ्लूच्या विषाणूंचं मूळ घर पाणपक्षीच आहेत. शेडचं धुणं ओढ्यात सोडायचं आणि ओढा नदीला मिळणार, हे आपल्याला माहीत नाही असं नाही.

हा आजार आपल्यापासून लांब आहे, असंही समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे टपाटप मरून पडले आणि भोपाळहून बर्ड फ्लूचाच अहवाल आला. जिथं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे त्या उदगीरची ही गोष्ट. त्याच सुमाराला नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या ह्याच विषाणूनं गेले. त्याच वर्षी आंध्रात दोन वर्षांची मुलगी दगावली. २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा दिल्लीत गेला. माणसांत हा आजार क्वचित होतो. पण झाला तर डॉक्टरांच्या हातात जे पहिलं औषध आहे ते हेच, आणि तेही ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात चांगलं लागू पडतं. शेडमध्ये सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? तुम्ही, तुमची बायको, शाळेतून आल्यावर खाद्य टाकणारं लेकरू. ही गोळी निकामी झाली तर पहिली गरज तुमच्याच घराला लागणार आहे.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल की हे सगळं खरं, पण शेड डोळ्यांदेखत रिकामं होत असताना माणूस काहीही करतो. हे मी नाकारत नाही. आणि म्हणून पशुसंवर्धन विभागातल्या साहेबांनाही ह्याच पत्रात चार शब्द सांगायचे आहेत, कारण हे पत्र तेही वाचतील अशी आशा आहे.

साहेब, बर्ड फ्लू ठरला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारले जातात. केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा वाटा उचलून त्यांची भरपाई देतात, नष्ट केलेल्या अंड्यांची, खाद्याची देतात. पण जे पक्षी त्याआधीच मेले, त्यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे ज्यानं वेळेवर फोन केला पण नमुन्याचा अहवाल पुण्याहून, भोपाळहून यायला दिवस लागले, त्याचं नुकसान त्या दिवसांत होतं ते त्याच्याच डोक्यावर. मग तो रात्री टाकीत गोळ्या टाकून मर थांबते का ते बघतो, किंवा मर व्हायच्या आत गाडी बोलावतो. माणूस वाईट म्हणून तसा वागत नाही, हिशेबच त्याला तिकडं ढकलतो. कळवल्याच्या तारखेपासून मेलेल्या पक्ष्यांचेही पैसे द्या. करारावरच्या शेतकऱ्याचा विचार करा, पिल्लं कंपनीची असली तरी शेड त्याचं, वीजबिल त्याचं, राबणं त्याच्या घराचं, आणि पुढचे कित्येक महिने रिकामं राहणारं शेडही त्याचंच. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निदान पहिली चाचणी तिथंच होऊन दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याला बर्ड फ्लू की मानमोडी एवढं तरी कळेल, अशी सोय करा. आणि भोपाळला पॉझिटिव्ह आलेल्या नमुन्यातला विषाणू औषधाला दाद देतो की नाही, हे तपासून ते आपल्या जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनपर्यंत पोचवा. आमच्या डॉक्टरांना ते कळायला नको का?

माझ्या धंद्यातल्या भावांना थोडक्यात: अमांटाडीन असो की ऑसेल्टामिविर, एकाच माणसानं दहा-दहा पाकिटं मागितली तर ती कशासाठी हे आपल्याला कळतं. न कळल्याचं सोंग मी एकदा केलं. तुम्ही करू नका.

आता पुन्हा तुमच्याकडं येतो. मर अचानक वाढली, डोकं सुजलं, तुरा आणि चोचीखालची गलोल निळे-काळे पडले, पायाच्या नळीवर रक्ताचे डाग दिसले, अंडी एकदम घटली, हिरवट हगवण लागली, तर ते काय आहे हे मोबाइलवर कुणाला विचारत बसू नका. यातली बरीच लक्षणं मानमोडीतही दिसतात. नुसतं बघून मलाच काय, चांगल्या डॉक्टरलाही खात्रीनं सांगता येत नाही. त्या क्षणापासून शेडमधून एकही पक्षी, एकही अंडं, खताची एकही गोणी बाहेर जाऊ देऊ नका. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा बांधावर फेकू नका, कुत्र्यापुढं तर अजिबात टाकू नका. तोंडाला मास्क, हातात हातमोजे, शेडची चप्पल शेडमध्येच. परसातल्या गावरान कोंबड्या आणि शेडचे पक्षी एकाच पाण्यावर ठेवू नका. तळ्यावरून उडून आलेलं पाखरू टाकीच्या कडेवर बसतं, तेवढी टाकी झाकली तरी पुष्कळ फरक पडतो. आणि लासोटा, गंबोरोच्या लसींचे डोस वहीत लिहून ठेवा. त्या संध्याकाळी आलेल्या माणसाची बॅच एका न लिहिलेल्या तारखेनं गेली.

शेडमध्ये वावरून दहा दिवसांच्या आत घरात कुणाला ताप, खोकला आला, डोळे लाल झाले, तर दवाखान्यात गेल्याबरोबर पहिलं वाक्य "आमच्या घरी पोल्ट्री आहे, पक्षी मेलेत" हे सांगा. डॉक्टरनं गोळी दिली तर ती सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, शेवटच्या गोळीपर्यंत घ्या. बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडून उरलेल्या पुढच्या वेळेला ठेवू नका. आणि लोकांनी कोंबडी खाणं सोडलं म्हणून घाबरून काही लपवू नका. सत्तर अंशांच्या वर नीट शिजलेल्या रश्श्यात हा विषाणू टिकत नाही, हे आम्ही दुकानदारही गिऱ्हाइकांना सांगू, दुकानावर लिहून लावू. तुम्ही खरं बोला, आम्ही तुमच्या बाजूनं बोलू.

गुरुजी अजून येतात. महिन्याच्या पाच तारखेला, सकाळच्या एसटीनं. त्यांच्या दोन महिन्यांच्या कॅप्सूल मी वेगळ्या डब्यात त्यांच्या नावानं काढून ठेवतो आणि तो डबा दुसऱ्या कुणासाठी उघडत नाही.

थंडी पडली आहे, पाखरं यायला लागली आहेत. तुमच्या शेडमध्ये रोजच्यापेक्षा जास्त मर दिसली तर जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ ह्या नंबरला फोन लावा, किंवा गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात स्वतः जा. फोन लागत नसेल, काय बोलायचं सुचत नसेल, भीती वाटत असेल, तर रात्री कितीही वाजता माझ्या दुकानाचं शटर वाजवा. मी वरच राहतो. खाली येऊन तुमच्यासमोर फोन लावतो आणि डॉक्टर येईपर्यंत तुमच्यासोबत शेडवर थांबतो.

तुमचाच,
लातूर जिल्ह्यातला एक औषध दुकानदार